गरम डबा, खारे चणे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगत असताना मध्येच कुणी खिदळलं की माझं डोकं फिरतं, आणि हा किस्सा डोकं थंड ठेवूनच सांगायचा आहे. चहा आणखी एक सांगा. दोन बरण्या चण्यांच्या जोरावर मी माझ्या सख्ख्या वहिनीचं बी.एड. बुडवायला निघालो होतो, त्याची ही गोष्ट. आणि हे मी द्वेषाने नाही केलं हो! मदत म्हणून केलं. द्वेषाने केलं असतं तर एवढं जमलंच नसतं.

मी मंगेश. गावात मंग्या. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. लोक म्हणतात, ‘कॉलेज सुटलं त्याचं.’ सुटायला ते काय दावणीचं वासरू आहे? मी सोडलं. प्रॅक्टिकलच्या वहीत मागच्या वर्षीच्या पोरांची निरीक्षणं उतरवायची, हा तिथला प्रयोग. मी विचारलं, “सर, प्रयोग कधी करायचा?” सर म्हणाले, “तुले मार्क पाह्यजे का प्रयोग पाह्यजे?” मी म्हटलं, प्रयोग. मग दोन्ही नाही मिळाले.

तेव्हापासून वडीलधाऱ्या माणसांशी माझं पटत नाही. माझं म्हणणं साधं आहे: हे लोक कारण सांगत नाहीत. ‘असं कर.’ काऊन? ‘मी म्हनतो म्हनून.’ ‘तिकडं जाऊ नोको.’ काऊन? ‘तुले काय करायचं?’ संपलं! आमच्या घरात ह्या शास्त्राचे मुख्य प्राध्यापक म्हणजे मोठेबाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सकाळी आंघोळ करून ओट्यावर बसतात आणि दिवे लागेपर्यंत निकाल देत राहतात. अपील नाही.

मागच्या वर्षी वहिनींचा बी.एड.चा शेवटचा पाठ होता. म्हणजे कसं, तुम्ही शाळेत खऱ्याखुऱ्या वर्गाला एक तास शिकवायचं, बाहेरून आलेला परीक्षक मागच्या बाकावर बसून मार्क देणार. तो पाठ हुकला की वर्ष गेलं. आणि नेमक्या त्याच दिवशी मोठेबाबांनी त्यांच्या नातीचा साखरपुडा धरला.

“मोठी सून घरात नाही म्हनजे लोक काय म्हनतीन?”

लोक काय म्हणाले ते काही मला ऐकू आलं नाही. वहिनी दिवसभर पुऱ्या लाटत होत्या आणि खामगावच्या शाळेत त्यांचा वर्ग वाट बघून पांगला.

यंदा पुन्हा पाठ आला. दादा नोकरीला नाशकात, महिन्यातून एकदा येतो. त्यामुळे निकाल पुन्हा ओट्यावरूनच लागला.

“हा आखरी चान्स,” मोठेबाबा म्हणाले. “जमलं त जमलं. नाही त वह्या-पुस्तकं माळ्यावर टाका अन् गपचिप घर पाहा. लय झालं शिक्षन.”

वहिनींनी पदर खोचला. मान खाली घालून आत गेल्या. पण पोळ्या लाटताना लाटणं असं काही आपटत होतं की मला ओट्यापर्यंत ऐकू आलं. मोठेबाबांना नाही आलं. त्यांना सोयीचंच ऐकू येतं.

पाठाचा विषय होता पेशीय श्वसन, आणि प्रयोग करून दाखवणं सक्तीचं. आता मला सांगा, प्रयोगासाठी जळून खाक झालेला माणूस घरात बसलेला असताना वहिनींनी काळजी का करावी?

“वहिनी,” मी म्हटलं, “पाठ तुमचा, प्रयोग माझा. तुम्ही बिलकुल टेन्शन नका घेऊ.”

“भाऊजी, बराबर होईन ना? मले हा एकच मोका आहे.”

“डोळे मिटून राहा.”

तेच चुकलं त्यांचं. मिटले.

प्रयोग अगदी सोपा आहे. एका काचेच्या बरणीत मोड आलेले चणे घ्यायचे. दुसऱ्या बरणीत उकडलेले, म्हणजे मेलेले. दोन्हींत चुन्याच्या निवळीची एकेक उघडी कुपी उभी करायची आणि झाकणं घट्ट लावून दोन-तीन तास ठेवून द्यायचं. जिवंत चण्यांच्या पेशी श्वसन करतात, साखर वापरून ऊर्जा काढतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्याने निवळी दुधासारखी पांढरी होते. मेलेले चणे काहीच करत नाहीत. निवळी स्वच्छ. झालं! जिवंत कोण, मेलेला कोण, समोर दिसतं.

मोठेबाबांनी हे ओट्यावरून ऐकलं आणि म्हणाले, “चने भिजवाले बी.एड. लागते?”

मी उत्तर कृतीतून देणार होतो.

बरण्या आणायला पाठाच्या चार-पाच दिवस आधी खामगावच्या त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे तुळशीरामकाका आहेत. परिचर. तीस-पस्तीस वर्षं तिथेच बाटल्या धुतात. त्यांनी बरण्या दिल्या, कुप्या दिल्या, निवळीसाठी चुना स्वतःच्या तंबाखूच्या डबीतून काढून दिला. शाळेतला चुना मैदानावर रेघा मारण्यात संपला होता म्हणे. इथपर्यंत माणूस चांगला वाटला. मग निघताना म्हणाले, “उकडलेल्या चन्यात दोन थेंब फिनेल टाकजो.”

“काऊन?”

“टाकजो म्हनलं ना.”

बघा! हेच! ह्याच गोष्टीने माझं रक्त उकळतं.

“काका, कारण सांगा. कारण सांगितल्याशिवाय मी थेंबभरसुद्धा टाकणार नाही.”

काकांनी तळहातावर तंबाखू मळत माझ्याकडे बघितलं. “मेलेले चने जागे होते, बाप्पा. उन्हाचे दिवस आहे.”

मेलेले चणे जागे होतात! सांगा, ह्याला काय म्हणायचं? मी म्हटलं, “काका, मेलेलं जागं होत असतं तर आमच्या आजोबांनी उठून वावराची वाटणी दुसऱ्यांदा केली असती.”

काका हसले नाहीत. तंबाखू तोंडात टाकली आणि बाटल्या धुवायला लागले. मी जिंकलो असं समजून निघालो.

पाठ बुधवारी होता. मी नियोजनाचा माणूस. शेवटच्या क्षणी धावपळ हा जुन्या पिढीचा रोग. म्हणून सोमवारी सकाळीच एक वाटी चणे कुकरमध्ये उकडून प्लॅस्टिकच्या डब्यात भरले आणि डबा फ्रीजवर ठेवला. आत नाही, वर. आत मोठेबाबांच्या औषधांनी जागा धरली आहे. त्याच दिवशी दुसरे चणे भिजत घातले आणि रात्री फडक्यात बांधले. मंगळवारी संध्याकाळी फडकं उघडून पाहिलं तर काय मोड! एकेका चण्याला असं टुमदार पांढरं शेपूट. मला भरूनच आलं.

तेवढ्यात आई म्हणाली, “मंग्या, फ्रीजवरच्या डब्यातले चने वास मारून राह्यले बाप्पा. फेकू का?”

“हात नको लावू! तो विज्ञानाचा वास आहे.”

आईने डबा जागच्या जागी ठेवला. मी मोडाचं फडकं तिच्या हातात दिलं.

“हे उद्या शाळेत न्यायचं आहे. पोरांसाठी. सकाळी डब्यात भरून तयार ठेव.”

“किती पोट्टे आहे?”

“चाळीस.”

“चाळीस पोराइले एवढेसेच? अन् असेच नेतं का, कच्चे?”

“माय, तू नको ना डोकं लावू.”

“पन लेकराइचं पोट—”

“तुले काय करायचं?”

आणि मी कानात इअरफोन घालून बाहेर पडलो. हे वाक्य जरा लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

बुधवारी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. मी गाडी चालवतोय, मागे वहिनी. त्यांच्या एका हातात तक्ते, दुसऱ्या हातात गुंडाळी फळा. गुंडाळी फळा माहीत आहे ना? काळ्या कापडाचा, आधीच सगळं लिहून आणायचा आणि वर्गात वेळ आली की उलगडायचा. वहिनींनी त्यावर सुंदर अक्षरात अनुमानसुद्धा लिहून ठेवलं होतं: ‘अ बरणीतील निवळी दुधाळ झाली. यावरून मोड आलेले चणे श्वसन करतात.’ प्रयोग अजून व्हायचा होता. पण बी.एड.मध्ये अनुमान आधी येतं, प्रयोग मागून पाय ओढत येतो.

विज्ञानाच्या वासाचा डबा पिशवीत घट्ट बंद. आईने भरून दिलेला स्टीलचा डबा मी पुढे टाकीवर, मांडीला टेकवून ठेवला. आणि दोनेक किलोमीटर गेल्यावर लक्षात आलं की मांडी भाजतेय.

कच्चकन ब्रेक मारला.

“काय झालं भाऊजी?”

“वहिनी, ह्या डब्याला हात लावून बघा.”

त्यांनी लावला. “अगं बाई, गरम आहे हो!”

“श्वसन!” मी ओरडलो. रस्त्याने चाललेला एक म्हातारा दचकून बाजूला झाला. “वहिनी, श्वसनात उष्णता बाहेर पडते. पुस्तकात आहे. हे एवढे चणे श्वास घेऊन राह्यले डब्यात! मी कॉलेजात दोन वर्षं जे बघायला तरसलो, ते माझ्या मांडीवर चाललंय!”

वहिनींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा उजेड आला. फाट्यावर चहाला थांबलो तर त्यांनी पाठाची टाचण वही काढून त्यात एक नवीन ओळ लिहिली: ‘विद्यार्थी डब्यास स्पर्श करून श्वसनातील उष्णता अनुभवतात.’ मी ओळ वाचून मान डोलावली. असा मी!

चहा येईपर्यंत डबा उघडला आणि मूठभर चणे तोंडात टाकले. वा! मऊसूत. आणि चवीला चांगले खारे. आता तुम्हाला आमचं गाव माहीत नाही. आम्ही पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातले. आमच्याकडे विहिरीचं पाणी खारं, त्या पाण्याचा चहा असा होतो की पाहुणा दुसरा कप मागत नाही. जमीनच खारी. मग त्या जमिनीतला हरभरा खारा लागला तर नवल ते काय? मी चहावाल्यालाही चार दाणे दिले. “खाऊन बघा, खारपाणाचा माल.” तो म्हणाला, “मस्त आहे. कांदा पाह्यजे होता.”

“वहिनी, घ्या ना.”

“नाई बाप्पा. पाठ होऊ द्या पयले.” मग त्यांनी हळूच विचारलं, “भाऊजी, तुळशीरामकाकांनी मलेही सांगतलं होतं, थे फिनेलचे थेंब टाकले ना तुमी?”

“हाव, हाव. टाकले.”

खोटं बोललो. उगाच त्यांना काळजी कशाला, म्हणून. माणूस खोटं बोलतो ते नेहमी दुसऱ्याच्या भल्यासाठीच, नाही का?

आठ वाजता प्रयोगशाळेत मांडणी केली. अ बरणीत मोडाचे चणे, ब बरणीत उकडलेले. दोन्हींत निवळीच्या कुप्या. झाकणांना व्हॅसलीन. वर लाल कापड, कारण टाचणात लिहिलं होतं: ‘उत्सुकता निर्माण करणे.’ थोडे मोडाचे चणे डब्यात शिल्लक ठेवले, स्पर्श करून अनुभवण्यासाठी. तुळशीरामकाकांनी ब बरणीजवळून जाताना नाक दोनदा ओढलं. एकदा अपमान झालेला माणूस दुसऱ्यांदा सल्ला देत नाही.

अकराला पाठ सुरू झाला. परीक्षक साठीच्या आसपासचे, पांढरा सफारी, चष्म्याला दोरी. मागच्या बाकावर बसले. त्यांच्याही मागे, दाराशी, मी आणि तुळशीरामकाका.

आता एक गुपित सांगतो. हा वर्ग वहिनींच्या ओळखीचा होता. आदल्या आठवड्यात त्यांनी ह्याच चाळीस पोरांवर हा पाठ तोंडी घेऊन पाहिला होता. सगळेच तसं करतात. पोरांना प्रश्न पाठ, उत्तरं पाठ, कोणी कधी हात वर करायचा तेही पाठ. आणि पोरं भयंकर प्रामाणिक हो!

“मुलांनो,” वहिनींनी शाळेतल्या ठेवणीतल्या मराठीत सुरुवात केली, “आपण सर्व जण श्वास घेतो. मग मला सांगा—”

“चणे पेशीय श्वसन करतात, मॅडम!” चाळीस तोंडं.

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं.

वहिनींनी घसा साफ केला आणि डबा पुढच्या बाकावर ठेवला. “या डब्याला स्पर्श करून सांगा बरं, तो कसा लागतो?”

हा प्रश्न नवीन होता. पोरं गडबडली. पहिल्या पोराने हात लावला. दुसऱ्याने लावला. तिसऱ्याने दोन्ही हात लावले.

“थंडा आहे, मॅडम.”

वहिनींनी स्वतः हात लावला. मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. पंखा चांगला फिरत होता.

“ठीक आहे. आता आपण निरीक्षण करूया.” त्यांनी लाल कापडाचं टोक धरलं. “कोणत्या बरणीतील निवळी—”

“अ!” कापड अजून निघालंही नव्हतं. “अ बरणीतली दुधाळ झाली, मॅडम!”

वहिनींनी एका हाताने कापड ओढलं आणि दुसऱ्या हाताने, सरावाप्रमाणे, गुंडाळी फळ्याची दोरी सोडली. फळा खडखड करत उलगडला. सुंदर अक्षर.

अ बरणीतली निवळी अशी स्वच्छ, की पलीकडचा खडू दिसावा.

ब बरणीतली ताकासारखी पांढरी. आत चण्यांवर फेस. आणि आमच्या डोळ्यांदेखत झाकण जरासं उचललं गेलं आणि म्हणालं, ‘फुस्स!’

मेलेल्या चण्यांनी सुस्कारा टाकला होता.

माझ्या कानाशी तंबाखूचा वास आला. तुळशीरामकाका अगदी हळू आवाजात म्हणाले, “झाले ना बे जागे?”

वर्गात बारीक आवाजात अजून ‘अ, अ’ चालू होतं. मग पहिल्या बाकावरची सुजाता नावाची पोरगी उभी राहिली. “मॅडम, पन पांढरी त ब मधली झाली.”

“गप बस व,” शेजारणीने तिला ओढलं. “अ सांगायचं आहे.”

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

वहिनी उभ्या. मागे फळ्यावर अनुमान, समोर बरण्या. मला त्या क्षणी आमच्या घरचा माळा दिसला, शपथ. त्यावर चढवलेली वह्यांची पेटी दिसली, ओट्यावर पानाला चुना लावत ‘म्हनलं नव्हतं?’ म्हणणारे मोठेबाबा दिसले. आणि हे सगळं पुऱ्यांनी केलं नव्हतं ह्या वेळी. मी केलं होतं.

वहिनींनी वळून गुंडाळी फळा शांतपणे गुंडाळला, दोरी बांधली, टेबलावर ठेवला. टाचण वही मिटली. आणि ठेवणीतली मराठीही बहुतेक वहीतच मिटली, कारण पुढचा प्रश्न त्यांनी आमच्या घरातल्या आवाजात विचारला:

“काऊन झालं असन बरं असं?”

ह्याचं उत्तर पाठ नव्हतं! चाळीस पोरांना पहिल्यांदाच खरोखर विचार करावा लागला, आणि ते त्यांच्या तोंडांवर दिसत होतं.

“इकडं या. जवळ येऊन पाहा. वास घ्या, पन तोंडात नाही टाकायचं.”

बाकं सरकली. सुजाताने ब वर नाक नेलं आणि झटकन मागे घेतलं. “आंबलं, मॅडम! आमच्या घरी इडलीचं पीठ असंच फसफसते.”

“पीठ काऊन फसफसते?”

“त्याच्यात जंतू असते.”

“मेलेले का जिते?”

“जिते!”

“मंग जिते जंतू काय करतीन?”

एक पोरगा मागून ओरडला, “श्वसन! मॅडम, म्हनजे चने मेले, पन चन्याइवर बसलेले जिते आहे! थेच फुस्स करून राह्यले!”

“अन् अ? ह्याइले त मोड आहे. मंग हे काऊन चूप?”

सुजाताने वहिनींना विचारून एक चणा बाहेर काढला, नखाने दाबला. चण्याचं पीठ झालं. तिने तो असा वर धरून सगळ्या वर्गाला दाखवला.

“मॅडम, ह्या त घुगऱ्या झाल्या! हे कोनीतरी शिजवले!”

चाळीस माना फिरल्या. कोणीतरी म्हणजे कोण, हे बघायला. वहिनी बोट दाखवू शकल्या असत्या. नाही दाखवलं. त्या म्हणाल्या, “म्हनजे जे जितं समजलो थे मेलं होतं, अन् मेलं समजलो त्याच्यात जीव होता. निवळी खोटं बोलली का?”

“नाही!”

“मंग चुकलं कोन?”

“ज्यानं चने आनले थो!” सगळा वर्ग. एका सुरात. हेही कोणी पाठ करून घेतलं नव्हतं.

घंटा झाली तेव्हा पोरं ‘हा प्रयोग पुन्हा कसा करायचा’ ते वहीत लिहीत होती. दोघांनी ‘फिनेल टाकावे’ असं लिहिलं होतं. तुळशीरामकाकांनी दारातून प्रॉम्प्टिंग केलं, मी ऐकलं.

परीक्षक उठून बरण्यांजवळ आले. मला बोटाने बोलावलं.

“मांडणी कोणाची?”

“माझी.”

“शिक्षण?”

“बी.एस्सी. सोडलं.”

“का?”

“तिथे प्रयोग करू देत नव्हते, सर.”

त्यांनी अ बघितली. ब बघितली. चष्मा दोरीवर सोडला. “बरोबर होतं त्यांचं,” ते म्हणाले.

मी बरण्या उचलायला गेलो. पण त्यांचं संपलं नव्हतं. “शिजलेले चणे आहेत, सकाळी डबा गरम नाही लागला?”

“लागला, सर. मला वाटलं... श्वसन.”

“चाखले होते?”

“मूठभर.”

“मीठ नाही जाणवलं?”

“जाणवलं. आमचं गाव खारपाणात आहे, सर.”

परीक्षकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “मी दर्यापूरकडचा आहे,” ते म्हणाले. “खारपाणातलाच. पाणी खारं असतं. हरभरा कधी खारट लागलाय तुला, जन्मात?”

मी आठवून बघितलं. चोवीस वर्षं आमच्या वावरातला हरभरा खातोय. हिरवा खाल्ला, भाजून खाल्ला, पीठ करून खाल्ला. कधीच नाही.

जाता जाता ते वहिनींना म्हणाले, “टाचणातला पाठ मी ह्या आठवड्यात बारा वेळा ऐकला. हा नव्हता ऐकला.” त्या वाक्याचा अर्थ चांगला का वाईट, हे आम्हाला निकाल लागेपर्यंत कळलं नाही. निकाल लागला, वहिनी पास झाल्या, त्या पाठाला चांगले मार्क होते. पेटी माळ्यावर गेली नाही. पण ते नंतरचं. त्या दिवशी दुपारी गाडी चालवताना मी रस्त्यावरून नजर हलवली नाही. फाटा आला तसं त्या मागून एवढंच म्हणाल्या, “भाऊजी, फिनेल टाकलं म्हनले होते तुमी.”

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी पोचलो आणि सरळ चुलीपाशी गेलो. वर्षानुवर्षांचा राग जमलेला होता, त्याला आता जागा मिळाली. “माय, चने उकडले काऊन तू?”

“उकडले नाही बाप्पा,” आई म्हणाली. “एक वाफ देली. सक्काळी पाचले उठून. पोराइसाठी म्हनला ना तू? कच्चे चने खाऊन लेकराइचं पोट दुखते. मी इचारत होती तुले, त तू म्हनला, तुले काय करायचं.”

मी तोंड उघडलं. माझ्याकडे ह्या विषयावर मोठं भाषण तयार होतं, माहीत आहे ना? कारण न सांगणाऱ्या माणसांवर. दोन वर्षं घोकलेलं. त्यातलं पहिलंच वाक्य आई मला वापरून परत देत होती.

आणि तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. कोणाचा, हे सांगायला नको.

“कारन सांगाव बे मानसानं घरात! न सांगता कसं समजन कोनाले?”

मोठेबाबा! मोठेबाबा मला हे सांगत होते!

आई मात्र चुलीपुढे बसून माझ्याकडेच बघत होती. तिची काळजी वेगळीच होती.

“मंग्या, अंधारात मीठ टाकलं बाप्पा मी. बराबर होतं का रे? पोराइनं खाल्ले ना?”

चाळीस पोरांपैकी एकानेही एक दाणा तोंडात टाकला नव्हता. मिठाची चव त्या अख्ख्या जिल्ह्यात दोनच माणसांना माहीत होती. एक तो चहावाला, आणि त्याला निदान कांदा पाहिजे होता हे तरी कळलं होतं.

“हाव माय,” मी म्हटलं. “एकदम बराबर होतं.”